पिंपल्सच्या गोळ्या चालू असतानाच दिवस राहिले, मदत हवी आहे

धाकट्या नणंदेबद्दल विचारतेय. ती पुण्यात नोकरीला, आम्ही सांगलीला. पिंपल्ससाठी त्वचेच्या डॉक्टरांनी तिला आयसोट्रेटिनॉइनच्या 20 मिग्रॅच्या कॅप्सूल दिल्या होत्या. कोर्स संपल्यावरही जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून ती आणतच राहिली. आता पाळी चुकली, टेस्ट केली तर दोन रेघा. गोळी लगेच बंद केलीय. मळमळ फार होते, तर मैत्रीण म्हणते थोडी भांग घे, नैसर्गिकच असते. दुसरी म्हणते आता पाडावंच लागेल. दोघांना मूल हवंय हो, तिला आणि तिच्या नवऱ्याला. रडून रडून हैराण झालीय. काय करू?

प्रतिसाद:
ताई, गोळी बंद केली हे फार बरं झालं, पण तेवढ्यावर थांबू नका. उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. हे औषध बाळाच्या मेंदू, हृदय, कान आणि चेहऱ्याच्या घडणीवर परिणाम करतं, गर्भपाताची भीतीही वाढते. म्हणूनच दिवस राहण्याआधी किमान महिनाभर ते बंद ठेवायला सांगतात. अमेरिकेत तर 2006 पासून प्रेग्नन्सी टेस्ट केल्याशिवाय बायकांना ते मिळतच नाही. आपल्याकडे जुन्या चिठ्ठीवर मिळतं, याचा मला मनापासून संताप येतो.

तरीही प्रत्येक बाळात दोष येतोच असं नाही. पाडायचं की नाही हे मैत्रिणींनी नाही, तिने ठरवायचं, तेही डॉक्टरांशी नीट बोलून. ठेवायचं ठरलं तर 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी आणि बाळाच्या हृदयाची टूडी इको चुकवू नका. फोलिक अ‍ॅसिड डॉक्टरांना विचारून लगेच सुरू करा. व्हिटॅमिन ए असलेल्या गोळ्या मात्र परस्पर नकोत.

भांग अजिबात नको. भांग काय, गांजा काय, त्यातलं नशा आणणारं टीएचसी वारेतून बाळापर्यंत पोचतं. बाळाचं वजन कमी भरण्याशी, दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याशी त्याचा संबंध दिसलाय. मळमळीवर डॉक्सिलामाइन आणि बी6 ची गोळी असते, गरोदरपणात ती वर्षानुवर्षं देतात. डॉक्टरांकडे तीच मागा.

धागाकर्ती:
खूप आभार. उद्याची वेळ घेतली, मी पहाटेच्या गाडीने निघतेय. सोबत काय काय नेऊ?

प्रतिसाद:
कॅप्सूलचं रिकामं पाकीट, ती जुनी चिठ्ठी, शेवटच्या पाळीची तारीख आणि शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख. भांग एखादा घोट जरी घेतली असेल तरी डॉक्टरांना सांगायला लावा, आणि ते सांगताना सासरचं कुणी खोलीत नसलेलं बरं.