खारीच्या पाकिटावर 'ट्रान्स फॅट 0 ग्रॅम', मग काळजी नाही ना?

चहाखारी: वडिलांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलंय. सकाळच्या चहाबरोबर चार खाऱ्या लागतातच. पाकिटावर 100 ग्रॅममागे एकूण फॅट 30, सॅच्युरेटेड 15, ट्रान्स 0 असं आहे. घटकांत 'खाद्य वनस्पती फॅट (इंटरएस्टरिफाइड, पामतेल)' लिहिलंय. शून्य म्हणजे चालेल ना?

लेबलवाचक: ट्रान्सपुरतं बरोबर आहे, पण तुमच्या पाकिटात बघायचा आकडा 15 हा आहे, कारण सॅच्युरेटेड फॅटही एलडीएल वाढवतं.

खारीला पुडं सुटायची तर घट्ट फॅट लागतं. पातळ तेल पिठात मुरून जातं. पूर्वी त्यासाठी तेलाचं अर्धवट हायड्रोजनेशन (हायड्रोजन जोडून तेल घट्ट करणं) करत आणि त्यात ट्रान्स फॅट तयार होई. आपल्याकडे 1 जानेवारी 2022 पासून पदार्थातल्या एकूण तेल-तुपाच्या 2 टक्के ही औद्योगिक ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा आहे. पदार्थाच्या वजनाच्या नव्हे, हे बरेच जण चुकतात. म्हणजे 30 ग्रॅम फॅटमध्ये जास्तीत जास्त 0.6 ग्रॅम. आता घट्टपणा येतो तो पामतेलातून ('इंटरएस्टरिफाइड' म्हणजे हायड्रोजनेशनऐवजी फॅटची रचना बदलून हवं तसं घट्ट केलेलं), आणि पामतेल जवळपास निम्मं सॅच्युरेटेड असतं.

हिशोब करा. चार खाऱ्या साधारण 40 ग्रॅम धरल्या तर सॅच्युरेटेड 6 ग्रॅम. लेबलवरची टक्केवारी दिवसाला 22 ग्रॅम धरून काढतात. चौथ्या हिश्श्याहून जास्त चहातच संपलं! खाऱ्या वजनकाट्यावर टाकून बघा, हलक्या दिसतात म्हणून अंदाज चुकतो.

फोडणी: आणि बेकरीतल्या सुट्या खारीला लेबलच नसतं. कोणतं फॅट वापरता ते विचारायचं. 'डालडा' म्हणाले तरी हल्ली त्याचा अर्थ कुठलंही वनस्पती तूप किंवा बेकरी मार्जरीन असा असू शकतो, त्यामुळे डब्यावरचं लेबल दाखवायला सांगा. टाळूला चिकटणारा थर फॅट घट्ट असल्याचं सांगतो, ट्रान्स किती ते नाही. घरी ते ओळखायची युक्ती नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फ्रिजचे प्रयोग सोडून द्या.

चहाखारी: मग घरी शेंगदाणा तेलात तळलेली शंकरपाळी दिली तर?

लेबलवाचक: सॅच्युरेटेड कमी होईल, शेंगदाणा तेलात ते साधारण पाचवा हिस्सा असतं. फक्त मोहनाला वनस्पती तूप घालू नका, नाहीतर काय उपयोग. साखर आणि मैदा आहेतच, तेव्हा मूठभरच.

फोडणी: तळणीचं तेल मात्र सांभाळा. 170-180 अंशांवर तळा, धूर निघू देऊ नका. गार झाल्यावर लगेच कापडातून गाळा, कारण तळाशी राहिलेली पिठाची भुकटी पुढच्या वेळी जळते. उरलेलं तेल दोन-चार दिवसांत फोडणीला संपवा; त्यात नवीन तेल ओतून पुन्हा कढई भरू नका, जुन्यातले खराब घटक नव्यालाही लवकर बिघडवतात. फेस बसत नसेल, तेल काळपट-चिकट झालं असेल तर टाकून द्या. खाद्य व्यावसायिकांना 25 टक्के पोलर घटकांची (तेल तापून बिघडताना तयार होणाऱ्या घटकांची) मर्यादा आहे. घरी मोजता येत नाही, म्हणून ही लक्षणं.

नारळवडी: खारीऐवजी पोळीवर साजूक तूप चालेल?

लेबलवाचक: चहाच्या एका चमच्यात सुमारे 3 ग्रॅम सॅच्युरेटेड. दोन चमचे म्हणजे चार खाऱ्यांएवढंच. खोबरेल तेल तर जवळपास 90 टक्के सॅच्युरेटेड. 'नैसर्गिक' लिहिलेलं असलं तरी आकडा तोच राहतो. खारी आणि तूप, दोन्ही एकाच दिवशी नको.