सिम्युलेटरवर प्लांटचा स्टार्टअप जमला, म्हणजे ऑपरेटर तयार?

बोर्ड_तीन
"ओटीएसवर (ऑपरेटर ट्रेनिंग सिम्युलेटरवर) पाच स्टार्टअप बिनचूक झाले की पोराला बोर्डवर (कंट्रोल रूमच्या पॅनेलवर) बसवा, अडला तर एआय सांगेल," असं काल इथे कुणीतरी लिहिलं. गप्प बसवेना. बिनचूक स्टार्टअपमध्ये सगळी उपकरणं खरं बोलतात. टेक्सास सिटीच्या रिफायनरीतला २३ मार्च २००५ चा स्फोट आठवा. १७० फुटी कॉलम (उभा टॉवर), आणि आतल्या द्रवाची पातळी कळवणारा लेव्हल ट्रान्समीटर तळाच्या जेमतेम नऊ फुटांपर्यंतच मोजणारा. द्रव त्याच्या कितीतरी वर चढला, तरी रीडिंग १०० टक्क्यांच्या आत आणि वर हळूहळू उतरतंय! डिस्प्लेसर, म्हणजे द्रवाच्या उचलीवरून पातळी मोजणारा ट्रान्समीटरचा भाग, पूर्ण बुडाला होता. द्रव तापून घनता घटली तशी उचल कमी झाली, म्हणून रीडिंग खाली. १५ माणसं गेली. हा फॉल्ट तुमच्या पाच स्टार्टअपमध्ये कुठे आहे?

सिम_मॉडेलर
मॉडेलला दोष देऊ नका. इन्स्ट्रक्टर स्टेशनवरून ट्रान्समीटर गोठवता येतो, वेट लेग (दाबाच्या फरकावरून, म्हणजे डीपीवरून, पातळी मोजताना लागणारी द्रव भरलेली नळी) रिकामा करून डीपी लेव्हल खोटी वर नेता येते, कंट्रोल व्हॉल्व्हला ३ टक्के स्टिक्शन (अडकत हलणं) देता येतं. चूक झाली की बॅकट्रॅक करून तोच क्षण पुन्हा खेळता येतो. फॉल्ट टाकायला कुणी बसतच नाही, ती चूक ट्रेनिंग आखणाऱ्यांची.
आणि तुमच्याच उदाहरणात फीड (कॉलममध्ये येणारा द्रव) आत चालू होतं, तळाचा बाहेर जायचा मार्ग तासन्‌तास बंद. आत किती आणि बाहेर किती, हे दोन आकडे वेगवेगळ्या स्क्रीनवर. प्लांटच्या शेजारी चालणाऱ्या मॉडेलने नुसता मास बॅलन्स धरला असता तरी लेव्हल खोटी आहे हे ओरडून सांगितलं असतं.

अलार्म_आधी
ओरडून? आणखी एक अलार्म? मिलफर्ड हेवनची रिफायनरी, १९९४: स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म. दहा मिनिटांत दहाच्या वर गेले की माणूस वाचत नाही, नुसता अ‍ॅक्नॉलेज दाबतो. आधी अलार्म रॅशनलाइझ करा (गरजेचे तेवढेच ठेवा), मग एआय सल्लागार बसवा.

बोर्ड_तीन
धागा ट्रेनिंगचा आहे. अलार्मचं रडगाणं प्रत्येक धाग्यात कशाला?

अलार्म_आधी
कारण तुमच्या ओटीएसवर अलार्मचा पूर येतच नाही! एक पंप ट्रिप झाला की सिम्युलेटरवर चार अलार्म, प्लांटवर साठ. पॅनेल ऑपरेटर शिकतो ते भलत्याच बोर्डवर. डीसीएसचा (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल सिस्टमचा) अलार्म डेटाबेस जसाच्या तसा जोडा, शेल्व्हिंग (अलार्म तात्पुरता बाजूला ठेवणं) आणि प्रायॉरिटीसकट.

लूप_ट्यूनर
हे बरोबर. आता एआयवाल्यांना विचारतो: तुमचं मॉडेल हिस्टोरियनच्या (प्लांटची जुनी रीडिंग साठवणाऱ्या यंत्रणेच्या) डेटावर शिकतं ना? तो बहुतेक स्थिर चालीचा, शिवाय कॉम्प्रेशनने बारीक हालचाल गाळलेली. स्टार्टअपला त्यात दाखले मूठभर. ज्या वेळी सल्ला हवा, त्याच वेळी ते अंधारात.

सिम_मॉडेलर
नुसत्या डेटावरच्या मॉडेलबद्दल मान्य. म्हणूनच मी फर्स्ट प्रिन्सिपल्सचं (भौतिक नियमांवर बांधलेलं) मॉडेल म्हणतोय. टेक्सास सिटीत तळाचा मार्ग उघडल्यावर गरम द्रवाने हीट एक्स्चेंजरमधून फीडच तापवलं आणि कॉलम वरून उतू गेला. ऊर्जा समतोल लिहिलेलं मॉडेल, हा दाखला आधी न पाहताही, व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी ते दाखवू शकतं.

बोर्ड_तीन
ठीक, व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी 'असं केलं तर' चालवून बघायला माझी ना नाही. पण इंटरलॉक (धोक्याच्या पातळीला आपोआप बंद करणारी व्यवस्था) बदलला की एमओसीमध्ये (बदलाच्या मंजुरीच्या प्रक्रियेत) ओटीएस अपडेटची ओळ सक्तीची करा. जुन्या ट्रिप पॉइंटवर घोटलेला हात नव्या प्लांटवर धोकादायक आहे. आणि बोर्डवर बसवायची कसोटी पाच फॉल्टची ठेवा, कुठला येणार ते न सांगता.