मदत हवी आहे: पाण्याखालच्या व्हिडिओत तुटलेली जाळी ओळखायची आहेत, लेबलिंग कसं करू?

नमस्कार मंडळी,

मालवणच्या आसपास खडकांत आणि प्रवाळांवर अडकलेली तुटलेली जाळी व्हिडिओवरून आपोआप शोधता येतात का, यावर काम करते आहे. डायव्हिंग करणारे मित्र गोप्रोवर शूट करून देतात. ती जाळी काढायला नेमकं कुठे उतरायचं, याची यादी त्यांच्या हातात द्यायची आहे. तंगुसाचं (नायलॉनच्या धाग्याचं) जाळं कुजत नाही. प्रवाळावर पडलं की लाटेबरोबर घासत राहतं, मासे-खेकडे अडकत राहतात, कधी कासवही. म्हणून हे काम व्हायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

मॉडेल योलोचं आहे, म्हणजे चित्रातली वस्तू शोधून तिच्याभोवती चौकट (बॉक्स) काढणारं. मासे बरे सापडतात, जाळ्यापाशी गाडी अडते.

तयार डेटासेट, म्हणजे आधीच लेबल लावलेल्या चित्रांचे संच, पाहिले. डुओ नावाच्या संचात पाण्याखालची ७,७८२ चित्रं आहेत, पण प्रकार चारच: समुद्रकाकडी, अर्चिन (काटेरी गोल प्राणी), स्कॅलॉप (एक शिंपला) आणि तारामासा. त्यातही दोन तृतीयांश बॉक्स एकट्या अर्चिनचे. समुद्रातल्या कचऱ्याच्या ट्रॅशकॅन संचात जाळी आणि दोर आहेत, पण ती चित्रं जपानच्या जॅमस्टेक संस्थेच्या खोल समुद्रातल्या व्हिडिओंमधली, म्हणजे काळोखात यंत्राच्या दिव्याने उजळलेली. आपल्याकडे वरून येणारा ऊन-सावलीचा हलता प्रकाश, हिरवट पाणी आणि तरंगणारा गाळ. त्यावर शिकवलेलं मॉडेल इथे शेवाळाला दोर म्हणतं आणि खरं जाळं सोडून देतं.

रंगाचंही आहेच. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो, काही मीटरवरच सगळं हिरवं-निळं दिसतं. क्लाहे (चित्रातला उजेड-अंधाराचा फरक वाढवणारी पद्धत) लावलं की डोळ्यांना छान वाटतं, पण गाळाचे कणही तितकेच उठून दिसतात आणि खोटे इशारे वाढतात. पाण्यामुळे बदललेले रंग सुधारणाऱ्या सी-थ्रूसारख्या पद्धतीला प्रत्येक पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर लागतं, ते माझ्याकडे नाही.

खरी अडचण लेबलची. जाळ्याला स्वतःचा आकारच नाही. बॉक्स काढला तर आत बहुतेक खडकच येतो आणि मॉडेल खडक शिकतं. मास्क, म्हणजे वस्तूच्या नेमक्या कडेने आकार, काढायचा तर मधली भोकं जाळ्यात धरायची की नाही? अर्धं वाळूत गेलेलं, वर शेवाळ चढलेलं जाळं कुठे संपतं, हे डायव्हरलाही नक्की सांगता येत नाही.

टेस्टसाठी वेगळ्या जागेचे व्हिडिओ ठेवले आहेत, कारण एकाच व्हिडिओतल्या शेजारच्या फ्रेम ट्रेनिंग आणि टेस्ट अशा दोन्हीकडे गेल्या की आकडे फुगतात. ग्रेट बॅरिअर रीफच्या तारामाशांच्या कॅगल स्पर्धेत (मॉडेल बनवण्याची ऑनलाइन स्पर्धा) गुण द्यायला एफ-२ हे माप वापरलं होतं, म्हणजे खोट्या इशाऱ्यापेक्षा सुटलेल्या वस्तूला जास्त शिक्षा. मलाही तेच हवं आहे. कोणी अशा बिनआकाराच्या वस्तूंवर काम केलं आहे का?

प्रतिसाद:

आधी इनपुटचा आकार बघा. मी शेतातल्या ठिबकच्या नळ्या ड्रोनच्या फोटोंत शोधतो, तिथेही हेच होतं. योलो सहसा ६४० पिक्सेलवर चालवतात. तुमची ३८४० रुंदीची फ्रेम सहापट आक्रसली की तंगुसाचा धागा उरतोच कुठे? फ्रेमचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे करा आणि मूळ रेझोल्यूशनवरच शिकवा.

आणि तुम्हाला जाळ्याची कड नको आहे, जागा हवी आहे. मग बॉक्स-मास्क सोडा. प्रत्येक तुकड्याला 'जाळं आहे', 'नाही', 'सांगता येत नाही' एवढंच लेबल द्या. काम झपाट्याने होईल. तिसरा गट ट्रेनिंगमधून बाजूला ठेवा. सलग फ्रेममध्ये त्याच जागी जाळं दिसलं तरच मोजा. गाळाचे कण एका जागी टिकत नाहीत, जाळं टिकतं. क्लाहे फक्त ऑगमेंटेशन म्हणून, म्हणजे शिकवताना चित्रांत विविधता आणायला, काही चित्रांवरच.

धागाकर्ती:

तुकड्यांची कल्पना पटली, मनापासून आभार. एकच शंका: 'त्याच जागी' कसं ठरवू? डायव्हर पोहत असतो, कॅमेरा सतत हलतो.

प्रतिसाद:

दोन फ्रेममधले खडकांचे ठळक बिंदू जुळवून कॅमेरा किती सरकला ते काढता येतं, ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ऑर्ब नावाची पद्धत आहे. पाणी फार गढूळ असेल तर बिंदूच सापडणार नाहीत, तेव्हा सुरुवात हिवाळ्यातल्या स्वच्छ पाण्याच्या व्हिडिओंपासून करा. दोन-चार फ्रेम इथे टाका, तुकड्यांचा आकार ठरवायला मदत करतो.