बर्फ, झड, धुकं... अशा दिवशी तुमच्या चुलीवर काय असतं? (अनुभव धागा)

चुलीजवळ
काल रात्री भाचीने बफेलोहून फोटो पाठवला. दाराबाहेर कमरेएवढा बर्फ, गाडी कुठली आणि झुडूप कुठलं ते कळत नाही. आत शेगडीवर तांबड्या रश्श्याचं पातेलं, वर बोटभर तर्री. खाली एवढंच लिहिलेलं, "मावशी, ऑफिस बंद, रस्ता बंद, चटणी शिल्लक आहे."

आपल्याला बर्फ माहीत तो कोल्हापूरच्या रंकाळ्यावरच्या गोळ्यातला. पण फोटो बघून मला एकदम माडगं आठवलं. माझं आजोळ गगनबावड्याच्या अलीकडे. तिथे खरी थंडी आषाढात पडायची. एकदा झड लागली की ऊन दिसायचं नाव नको. लाकडं ओली, घरभर धूर, चुलीवरच्या दोरीला सगळ्यांचे कपडे. मग आजी हुलगे (कुळीथ) भाजायची, जात्यावर दळायची आणि गुळाच्या पाण्यात ते पीठ शिजवायची. सुंठ, थोडं मीठ, वरून सुक्या खोबऱ्याचे काप. पितळीत ओतलं की कडेने गार होत यायचं, आम्ही पोरं कडेकडेने फुंकत प्यायचो. भाजी आणायला बाजार नाही, ओढ्याला पाणी, एसटी बंद, तरी आजीची चूल कधी अडली नाही. हुलगे, गूळ, सुंठ, सगळं उन्हाळ्यातच कोठीत गेलेलं. भाचीच्या बर्फातही तेच चाललंय की, मेमध्ये कांडलेली चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला.

तर लिहा. बर्फात राहणाऱ्यांनी बर्फातलं लिहा, आपण पावसाचं नि थंडीचं लिहू. कृती आली तर उत्तम, नुसती आठवणही चालेल. मिसळीवरून भांडण नको.

आठवी_गल्ली
मिसळीवरून भांडण नको म्हटल्यावर पहिली कमेंट मिसळीचीच पडणार की ओ ताई. थंडीत सकाळी कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, मागून घ्यायचा, वाटीत, नुसता. पाव नंतर. बाकी सगळं नाटक.

उत्तरेश्वरकर
आठवी गल्ली +१. पण पाव नको, ब्रेड. स्लाइस ब्रेड. इथंच भांडण सुरू होतंय बघा.

बर्फातली_भाची
मावशी!! माझ्या ओट्याचा फोटो आता सगळ्या कोल्हापूरला माहीत. मागे भांडी दिसतायत त्याचं काय 😭

बरं लिहितेच. बफेलो इरी सरोवराच्या टोकाला आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात सरोवराचं पाणी अजून गोठलेलं नसतं, वरून कडाक्याचा वारा येतो, तो पाण्यावरची वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आला की बर्फ करून टाकतो. पट्टा अगदी अरुंद असतो, त्यामुळे आमच्याकडे दार उघडत नाही आणि अर्ध्या तासावरच्या मैत्रिणीकडे ऊन. २०२२ च्या नोव्हेंबरात शहराच्या दक्षिणेला सहा फुटांच्या वर पडला होता. इशारा आला की सगळी जनता ब्रेड, दूध, अंडी घ्यायला पळते, फळ्या रिकाम्या. मी मटण घ्यायला पळते. हलाल दुकानात बोकडाचं मिळतं, तुकडे करून फ्रीझरमध्ये.

बर्फाच्या दिवशी आधी अळणी. कांदा, आलं-लसूण, मीठ घालून मटण शिजवायचं, ते पाणी कपात घेऊन खिडकीशी. मग त्याच पाण्याचे दोन वाटे, एक तांबडा, एक पांढरा. पांढऱ्याला नारळाचं दूध डब्यातलं. चटणी तेलात पडली की धुराचा अलार्म बोंबलतो, म्हणून नवरा टॉवेल घेऊन त्याखाली उभा. ही त्याची ठरलेली ड्युटी.

पंचगंगेचा_काठ
अलार्मखाली टॉवेल 😂😂 जावईबापूंना आमचा मुजरा

माहेर_गडहिंग्लज
अळणी वाचून डोळ्यांत पाणी. आजारी पडलं की आई तेच द्यायची, बरोबर मऊ भात. आता आई नाही. भाताला आजरा घनसाळ असायचा, त्याचा वास शेजारच्या घरापर्यंत. हल्ली घनसाळ म्हणून भलतंच गळ्यात मारतात.

नंतर लिहिते, कुकर लागलाय.

फौजी_आजरा
जय हिंद मंडळी. रिटायर होऊन गावी शेती करतोय. काश्मीर आणि लडाख दोन्हीकडे हिवाळे काढले, म्हणून बर्फावर बोलायचा थोडा हक्क सांगतो.

लेहसारख्या उंचीवर पाणी ८८ डिग्रीच्या आसपासच उकळतं. उकळी दिसते, पण डाळ काही शिजत नाही. कुकर नसेल तर दिवसभर दगडासारखी राहते. त्याच्याही वर पोस्टवर गेलं की बर्फ वितळवून पाणी करायचं, त्याला रॉकेल लागतं, म्हणून पाणी सुद्धा मोजून. आपल्याकडचा एक जवान सुटीवरून येताना खर्डा आणायचा. डब्यातली भाजी, त्यावर खर्डा, खाली गरम पोळी. यूपीचा पोरगा पहिल्या घासाला रडला, दुसऱ्या दिवशी स्वतः मागायला आला.

काश्मिरात २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस चिल्ला-ए-कलान, म्हणजे सगळ्यात कडाक्याची थंडी. तिथली माणसं उन्हाळ्यातच टोमॅटो, दुधी, वांगी कापून वाळवून ठेवतात, घरांच्या भिंतींवर माळा टांगलेल्या दिसतात. ताईंनी आजीच्या कोठीचं लिहिलं तसंच. आणि हरीसा! मटण आणि तांदूळ रात्रभर मातीच्या मोठ्या भांड्यात, ते भांडं भट्टीत पुरलेलं. पहाटे हाडं काढून लाकडी दांड्याने घोटतात, वर कडकडीत तेल. श्रीनगरात आली कदलला अंधारात रांग लागते, उजाडून वर आलं की संपलेलं. फक्त हिवाळ्यात. पांढऱ्या रश्श्यानंतर मला दुसरं काही मानवलं असेल तर हेच.

आठवी_गल्ली
काका कडक सॅल्यूट. यूपीवाल्याचं वाचून लय हसलो

पुणेरी_जावई
माझं सासर कोल्हापूर, त्यामुळे जपून बोलतो. पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी विचारलं, "तिखट चालतं ना?" मी म्हणालो "हो हो". पुढचं बोलत नाही. पण पांढरा रस्सा मला मनापासून आवडतो आणि तो घरी जमत नाही. दरवेळी फुटतो, दह्यासारख्या गुठळ्या. पुण्यात गारठा पडला की बायको आठवण काढते. कुणीतरी नीट सांगा.

माहेर_गडहिंग्लज
आले परत. जावईबापू, नारळाचं दूध घातलं की खळखळून उकळी आणायची नाही. आधी अळणी पाणी गाळून घ्या. हळद चुकूनही नको. काजू, तीळ, खसखस भिजवून गंधासारखं बारीक वाटा. तुपात वेलदोडे, लवंग, मिरी, दालचिनी, उभी चिरलेली हिरवी मिरची. त्यात वाटण परता, रंग बदलू देऊ नका. मग अळणी पाणी घालून चांगलं उकळा. गॅस बारीक करून शेवटी नारळाचं दूध, आणि हात थांबवायचा नाही, एका दिशेने ढवळत राहायचं. कडेला बुडबुडे दिसले की बंद. परत गरम करतानाही तसंच. मिठाचा अंदाज अळणीतच घ्या.

सासूबाईंना सांगू नका माझ्याकडून शिकलात म्हणून.

पुणेरी_जावई
स्क्रीनशॉट काढला. उकळी. उकळीच आणत होतो मी.

चुलवाण
गुऱ्हाळाचं कुणी लिहिलंच नाही? करवीर तालुक्यात आमचं होतं, आता वाट्याने दिलंय. दिवाळी झाली की चुलवाण, म्हणजे गुळाची मोठी चूल, पेटायचं आणि थंडीभर विझायचं नाही. काहिलीत रस आटतोय, भेंडीच्या पाण्याने मळी वर येतेय, ती काढून टाकायची. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, बोट पाण्यात बुडवून चाचणी बघणार. त्याच्या जरा आधी काकवी काढायची. पहाटेची थंडी, पाठ गार, तोंड चुलवाणाकडे. गरम भाकरी कुस्करून त्यावर काकवी आणि घरचं तूप. शाळेत जायच्या आधी एवढं खाल्लं की दुपारपर्यंत भूक नाही. वाफ्यातला गरम गूळ उसाच्या कांडीवर गुंडाळून दिला की ते आमचं चॉकलेट.

लोकांना पिवळाधम्मक गूळ पाहिजे असतो. अरे बाबांनो, चांगला गूळ काळपटही असतो. सांगून सांगून दमलो. पिवळा करायला काय काय घालतात ते बघितलं तर हात लावणार नाही.

उत्तरेश्वरकर
काकवी ऑनलाइन मागवली मध्यंतरी, नुसतं साखरेचं पाणी निघालं. पत्ता द्या भावा तुमचा

चुलवाण
इथं नको, मेसेज करा.

कात्यायनीची_लेक
माझं एकदम साधं आहे. २०१९ चा महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्याही वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्यात, शहरात दूध नाही, भाजी नाही, पेट्रोलला रांगा, आणि मजा म्हणजे चहूकडे पाणी असून नळाला पाणी नाही. आमच्या वरच्या मजल्यावर खालची दोन कुटुंबं आलेली. सासूबाईंनी डब्यातलं बेसन काढलं. पिठलं आणि भात, सकाळ-संध्याकाळ. वर कच्चा कांदा होता तोवर कांदा, मग तोही संपला. तिसऱ्या वेळेला खालच्या आजोबांनी म्हटलं, "सूनबाई, पिठलं लई झ्याक झालंय, उद्या काय?" सगळे असे हसलो की बस.

आजही जोराचा पाऊस लागला की नवरा म्हणतो पिठलं कर. मला तेव्हाचा चिखलाचा वास येतो, त्याला पिठल्याचा येतो.

चुलीजवळ
कात्यायनी, आमच्याकडे शाहूपुरीतल्या नणंदेचं बिऱ्हाड आलं होतं तेव्हा. घरात अख्खा मसूर होता पोतंभर, तोच केला. कांदा भरपूर, चटणी, शेवटी कोथिंबीर असली तर. अख्ख्या मसुराला आधी भिजवायचीही गरज नाही, म्हणून अडीअडचणीला तो बरा.

बर्फातली_भाची
मावशी तो मसूर मी इथे सगळ्यांना शिकवलाय. शेजारीण मेक्सिकोची आहे, ती म्हणते चटणीचा डबा तिला पण हवा. मिरचीचं कळतं त्या लोकांना.

थंडगार
सगळे मटणावर. आम्ही माळकरी माणसं, आमचं काय? भोगीला बाजरीची भाकरी तीळ लावून, लेकुरवाळी भाजी, वर लोण्याचा गोळा. पावटा, घेवडा, वांगं, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं. वर्षात त्याच दिवसात सगळं एकदम मिळतं, कपिलतीर्थ मंडईत चालायला जागा नसते. बोरं नकोत म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पंचगंगेचा_काठ
बोरं नकोत.

थंडगार
😐

गंगावेशीतला
रात्री जेवण झालं की स्वेटर, कानटोपी, आणि दूध कट्टा. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, फेसासकट. कोमट असतं, गरम करायची भानगड नाही. तालमीतली पोरं दोन-दोन ग्लास मारतात. मी एक, कारण आता शुगर. डॉक्टरांनी कच्चं दूध पिऊ नका म्हणून दम दिलाय, तेही बरोबरच आहे, घरी आणून तापवून घेतो. पण तिथं उभं राहून गप्पा मारायला कोण नाही म्हणतंय.

माहेर_गडहिंग्लज
भाचीबाई, चटणी तिकडे कशी पाठवता? माझ्या लेकाला पाठवायची आहे. मागच्या वेळी पिशवी फुटून त्याचे सगळे शर्ट लाल झाले.

बर्फातली_भाची
काकू, मी स्वतः येते तेव्हाच आणते. जाड पिशवी, त्यावर दुसरी, मग स्टीलचा डबा, झाकणाला टेप. कपड्यांच्या मधोमध नाही, बॅगेच्या कोपऱ्यात. आणि आल्यावर थेट फ्रीझरमध्ये, वर्षभर रंग जात नाही. ओल्या कांद्याची केली असेल तर लवकर वास येतो, म्हणून आई कांदा उन्हात कडक वाळवून मग तळते.

फौजी_आजरा
मिरची कोणती घालता ताई? आमच्याकडे संकेश्वरी जास्त, रंगापुरती ब्याडगी.

चुलीजवळ
तसंच काका. संकेश्वरी चवीला, ब्याडगी रंगाला, लवंगी मूठभर, कारण घरात दोघंच तिखट खाणारे उरलेत. यंदा कांडपाला एप्रिलच्या शेवटी जाणार, मेमध्ये वळवाचा भरवसा नाही. मिरची वाळायला कडक ऊन पाहिजे.

कात्यायनीची_लेक
ताई माडग्याचं प्रमाण सांगा ना. लेकीला सर्दी झालीय, हुलग्याचं पीठ आहे घरात.

चुलीजवळ
दोन चमचे पीठ, ते आधी वाटीभर गार पाण्यात कालव, नाहीतर गाठी होतात. दुसरीकडे दोन वाट्या पाण्यात लिंबाएवढा गूळ विरघळव, उकळी आली की कालवलेलं पीठ ओत, ढवळत राहा. पाच-सात मिनिटं शिजलं की कच्चा वास जातो. चिमूटभर सुंठ, चवीला मीठ. दूध घालायचं तर गॅस बंद केल्यावर, थोडं निवल्यावर, गुळामुळे नासतं. पीठ भाजलेल्या हुलग्याचं आहे ना? नसेल तर आधी तव्यावर कोरडं भाजून घे.

कात्यायनीची_लेक
न भाजलेलं आहे. भाजते. सुंठ नाही, आलं चालेल?

चुलीजवळ
चालेल. किसून, उकळत्या पाण्यातच टाक.