मदत हवी आहे: आजोबांची दोघांनी ओढायची करवत पुन्हा चालती करायची आहे

नमस्कार मंडळी. पेठ तालुक्यातलं आमचं जुनं घर उतरवताना माळ्यावर आजोबांची करवत सापडली. साधारण पाच फूट लांब, दोन्ही टोकांना मूठ. आजोबा सागाच्या कूपात, म्हणजे जंगलात तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, तोडीला जायचे. एक मूठ वाळवीने खाल्लीय, दुसरी मात्र वापरून इतकी गुळगुळीत झालीय की हातात धरताच अंगठा आपोआप खळगीत बसतो.

गंज वरवरचा होता. दोन दिवस रॉकेल लावून ठेवलं, मग पॉलिश पेपरने घासलं, पातं उजळलं. अडलंय ते दातांपाशी. दोन टोकदार दात, मग भुसा बाहेर ओढणारा एक बेचकीसारखा दात, अशी रचना आहे. हा बेचकीचा दात बाकीच्यांपेक्षा किंचित बुटका राहायला हवा, आणि टोकदार दात आलटून पालटून दोन्ही बाजूंना फाकवायला हवेत. नाहीतर करवत लाकडात अडकते.

ग्राइंडर लावणारा कृपया सुचवू नका. सोबत मिळालेल्या कुऱ्हाडीला एकाने तो लावला. धार निळी पडली, पोलादाचं पाणीच, म्हणजे कडकपणाच, उतरला. फार वाईट वाटलं.

नाशिक शहरात किंवा हरसूल, सुरगाण्याकडे कानशीने हातानेच दात लावून देणारा जुना कारागीर कुणाच्या माहितीत आहे का? आणि कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी नीट वाळलेला धावडा कुठे मिळेल? बाभूळ मिळतेय, पण मूळ दांडा धावड्याचा होता, तसाच बसवायचाय. पावसाळ्याआधी काम झालं तर बरं.