काळ्या वाळूतले कण आणि काळवत्रीचा जन्म

प्रश्न (रत्नागिरी):
काळबादेवीच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळूत काळे पट्टे दिसतात. पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक त्यांवरून फिरवला, तेव्हा काही कण मिशांसारखे उभे राहून चिकटले. त्याच रंगाचे बरेच कण मात्र खालीच राहिले. मूळ काळवत्रीत, म्हणजे बेसाल्ट खडकात, यांचे प्रमाण जेमतेम काही टक्के असताना, खडक कसा घडला हे शोधणारे अभ्यासक नेमके यांच्याकडेच का वळतात?

उत्तर १:
चिकटले ते मुख्यतः मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे ऑक्साइड. राहिलेल्यांत बरेचसे इल्मेनाइट, म्हणजे लोह-टायटॅनियमचे ऑक्साइड, असावे. खडकात अशा थोड्या प्रमाणात असणाऱ्यांना गौण खनिजे म्हणतात (तहसील कचेरीतले ‘गौण खनिज’ म्हणजे वाळू-मुरूम, ते वेगळे). बेसाल्ट हे नाव प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन या मुख्य खनिजांवरून ठरते, गौण खनिजांवरून नव्हे. परंतु ही दोन्ही ऑक्साइडे शेजारी-शेजारी वाढली असतील, तर त्यांच्यात लोह आणि टायटॅनियम कसे वाटले गेले यावरून त्यांचा समतोल कोणत्या तापमानाला साधला आणि त्या वेळी ऑक्सिजन कितपत उपलब्ध होता, हे काढता येते. लाव्हा झपाट्याने थिजला असेल, तर हे कण बारीक, पिसांसारखे अर्धवट वाढलेले दिसतात.

प्रश्नकर्ता:
म्हणजे माझ्या डबीतल्या कणांवरून तापमान काढता येईल काय?

उत्तर १:
नाही. लाटांनी शेजारी तोडले; कोणता कण कोणाजवळ वाढला, हे आता कळणार नाही. त्यासाठी ताज्या, न कुजलेल्या काळवत्रीचा घासून चकाकी दिलेला तुकडा परावर्तित प्रकाशात पाहावा लागतो. जांभा घेऊ नका. त्यात मूळ खनिजांची पार मोडतोड झालेली असते.

उत्तर २ (सावंतवाडी):
झिरकॉन या आणखी एका गौण खनिजाचा उल्लेख राहिला. त्याच्या स्फटिकातल्या अणूंच्या जाळीत युरेनियम सहज शिरते, शिसे जवळजवळ शिरत नाही. म्हणून युरेनियमच्या ऱ्हासातून नंतर साठलेले शिसे मोजून स्फटिकाचे वय काढतात. गंमत अशी, की बेसाल्टच्या शिलारसात झिरकोनियम (झिरकॉनमधले मूलद्रव्य) बहुधा विरघळलेलेच राहते आणि झिरकॉन क्वचितच बनतो. त्यामुळे सह्याद्रीतल्या लाव्हाथरांचे वय काढताना संशोधकांनी थरांमधल्या तांबड्या पट्ट्यांत अडकलेल्या ज्वालामुखी राखेतला झिरकॉन शोधला, आणि ते सुमारे ६.६ कोटी वर्षे निघाले. आमच्याकडच्या जुन्या ग्रॅनाइटात झिरकॉन थेट मिळतो, मात्र एकाच कणाच्या गाभ्याचे आणि कडेचे वय वेगळे निघू शकते. तेव्हा गाभा आधीच्या खडकातून आलेला आहे का, हे तपासल्याशिवाय एकच आकडा खडकाला चिकटवू नये.