'नुसती बटणं बडवायची' म्हणणाऱ्यांसाठी

कोपरमार:
परवा इथे एकाने लिहिलं, "जुन्या बीट-एम-अपमध्ये (गुंडांना हाणत पुढे जायचे गेम) ना गोष्ट, ना कंट्रोल. नुसती बटणं बडवायची. खरी मजा २०२० च्या स्ट्रीट्स ऑफ रेज ४ पासून." डोकंच फिरलं.

फायनल फाइट (१९८९) घ्या. दोनच बटणं, मार आणि उडी. दोन्ही एकदम दाबली की 'स्पेशल' वार, भोवतालचे सगळे आडवे, पण आपलीही हेल्थ कापली जाते. चौघांनी घेरलं की दरवेळी हिशोब करायचा. याला बडवणं म्हणतात? आणि गोष्टच हवी तर आर्केडवरचा (नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा) डबल ड्रॅगन (१९८७) दोघांनी मिळून संपवा. शेवटचा बॉस पडला की मारियनसाठी (जिला सोडवायला निघालो ती) तुम्हा दोघांनाच एकमेकांच्या अंगावर सोडतात. इतका वेळ ज्याला वाचवलं, त्यालाच हाणायचं.

शून्य_लाइफ:
तो 'एकाने' मीच. नाव घ्यायला लाज वाटली का? फायनल फाइटमध्ये महापौर उघड्याने रस्त्यावर उतरून गुंडांना पाइलड्रायव्हर (उलटं धरून डोक्यावर आपटणं) मारतोय, ही तुमची गोष्ट! आणि त्या हिशोबाचं कौतुक पुरे. गेलेली हेल्थ परत येत नाही म्हणून मरायला टेकल्याशिवाय स्पेशल कोणी वापरतच नाही. स्ट्रीट्स ऑफ रेज चारमध्ये ती मारामारी करून परत कमवता येते, मध्ये एक फटका बसला की गेली. हिशोब याला म्हणतात.

लोळणफुगडी:
स्पेशल राहू द्या. चारमध्ये आपला हिरो अ‍ॅक्सेल धावत का नाही, ते सांगा! तीनमध्ये (१९९४) सगळे धावायचे, वर-खाली लोळून वार चुकवायचे. चारच्या मूळ पाचांत धावते एकटी चेरी.

शून्य_लाइफ:
तीन कोणाला सांगता? जपानबाहेरच्या आवृत्तीत ईझीवर (सोप्या पातळीवर) खेळलं तर पाचव्या लेव्हललाच गाशा गुंडाळतो तो गेम.

दुसरा_प्लेअर:
तुम्ही सगळे पॅडवाले (हातात धरायच्या कंट्रोलरवाले). मी आणि दादा एकाच कीबोर्डवर कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स खेळायचो. त्यातला मुस्तफा अर्थात दादाचा. त्याने तिरकं चालत मार दाबला की माझी उडी लागायचीच नाही. मी मरायचो, वर "झोपलास का?" ऐकायचो. स्वस्त कीबोर्डात कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात. ठरावीक कळा एकदम दाबल्या की पुढची कोणती, ते त्याला कळतच नाही, मग तो ती सोडूनच देतो. हे कळेपर्यंत दादाने मला कायमचा 'ढ' ठरवला होता.

लोळणफुगडी:
पीएस/२ चा (जुन्या गोल पिनेचा) कीबोर्ड लावायचा ना. त्यात असं होत नाही.

दुसरा_प्लेअर:
होतं! जाळी तीच, तर वायर बदलून काय होणार?

लोळणफुगडी:
माझ्याकडे कधी झालं नाही.

दुसरा_प्लेअर:
कारण तू एकटा खेळायचास.

लोळणफुगडी:
अरे-तुरे कशाला? नीट बोला.

कोपरमार:
अहो, विषय गोष्टीचा होता!

शून्य_लाइफ:
होता. बरं, डबल ड्रॅगनचा शेवट भारी आहे, घ्या. एका शेवटावर अख्खा जमाना तरला म्हणायचा. @दुसरा_प्लेअर, एकाने पॅड घ्यायचं, दुसऱ्याने कीबोर्ड. मिटलं.

दुसरा_प्लेअर:
घेतलं होतं एक पॅड. ते कोणाकडे गेलं असेल?